शेंदऱ्याचा पाड

वाटणीत एक आंबा जावेच्या परसात गेला आणि एक माझ्या परसात आला. तिचा आकितीला पिकायचा, माझा मिरगाला. एवढ्याशा फरकावर मी वर्षानुवर्षं जळत होते. एवढ्यासाठी कुणी जळतं का, असं ज्याला वाटेल त्यानं झरीला येऊन आमच्या गल्लीत एक आकिती काढून बघावी.

अक्षय तृतीयेला आम्ही आकिती म्हणतो. त्या दिवशी पितरांची घागर भरायची. नवी मातीची घागर, तिच्यात गार पाणी आणि वाळ्याची जुडी, तोंडावर खरबूज आणि पिकलेला आंबा. घरात पुरणपोळी, कुरडया, आणि पितर म्हणून एखादं वडीलधारं माणूस जेवायला बोलवायचं. पितरांनी तोंड लावल्याशिवाय घरात कुणी पिका आंबा खायचा नाही. कैरी चालते, पन्हं चालतं, मीठ-तिखट लावून पोरं दिवसभर कैऱ्या चावत हिंडतात, त्यालाही कुणी काही म्हणत नाही. पण पिका आंबा नाही. आणि अडचण अशी, की आकिती येते तेव्हा आमच्याकडचे गावरान आंबे बहुतेक दगडासारखे असतात. सगळ्या गल्लीत त्या दिवसाला पिकणारं झाड एकच, जावेच्या परसातला शेंदऱ्या.

शेंदऱ्या म्हणजे मुठीएवढा आंबा. देठाजवळ शेंदूर माखल्यासारखा लाल, खाली पिवळा. साल पातळ, रेषा नावाला नाही. देठ मोडायचा, चीक पिळून टाकायचा आणि तोंडाला लावायचा. कापून खायचं फळच नव्हे ते. ते झाड आमच्या मामंजींच्या वडिलांनी लावलेलं. झाडावर पहिलं फळ आपोआप पिकून खाली पडतं त्याला पाड म्हणतात. शेंदऱ्याचा पाड पाडव्यानंतर महिन्याभरात लागायचा आणि वाऱ्यावर त्याचा वास भिंत ओलांडून माझ्या स्वयंपाकघरात यायचा. मी भाकरी थापत असायचे. भाकरीला त्या दिवशी हमखास चीर जायची.

माझा आंबा लोणच्याचा. जाड सालीचा, आंबट, आणि पिकला तरी खाताना दातांत दोरे अडकायचे. "लोणच्याला तुमचा आंबा एक नंबर," असं प्रत्येक बाई मला सांगायची, आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. काळ्या मुलीला 'नाकीडोळी नीटस' म्हणतात, त्यातलीच ती तऱ्हा.

वाटणी झाली तेव्हा नामांतराचे दिवस होते. एसटी कधी सुटायची, कधी वाटेतून परत यायची. आमचे हे पालमला कारकून होते, शनिवारी येऊन सोमवारी पहाटे जायचे. त्या शनिवारी गाडी बंद म्हणून चालत, बैलगाडीनं कसेबसे आले. थकलेल्या माणसाला थोरल्या भावानं विचारलं, "कुटली बाजू घेतोस?" हे म्हणाले, "आड हाय ती." मी आत होते. बायकांना विचारायची पद्धत नव्हती. आड फाल्गुनात आटायचा, तेव्हा आम्ही पाणी थोरल्यांच्या बाजूच्या हातपंपावरूनच आणायचो. झाड मात्र आटलं नाही.

जाऊबाईंबद्दल वाईट सांगायला मी खूप शोधलं. बाई सावळी, बसकी, आवाज इतका हळू की दोन वेळा विचारावं लागे. कधी कुणाशी तकरार नाही. आकितीच्या आदल्या दिवशी दारात सूप घेऊन बसायची, आणि येईल त्या घराला घागरीवर ठेवायला दोन-दोन आंबे द्यायची. गुरवाला, सुताराला, वरच्या आळीच्या बायकांना. पैसे नाही, मोबदला नाही. कुणी धान्य आणलं तर परत करायची. "पितराच्या फळाचं काय घ्यायचं गं?" म्हणायची. बायका निघताना तिच्या पाया पडत. मी भिंतीपलीकडे धुणं वाळत घालत असायचे आणि एकच लुगडं चारदा झटकायचे.

मलाही द्यायची ना. मला तर सगळ्यांत आधी. पण घागर तिच्याच घरी. वाटणी झाली, चुली वेगळ्या झाल्या, शेतं वेगळी झाली. पितर मात्र एकाच घरी जेवायचे. पहिल्या वर्षी मी ह्यांना म्हटलं, "आपण आपली घागर आपल्या घरी भरू." हे म्हणाले, "आंबा?" मी म्हटलं, "जाऊबाई देतीलच की दोन." हे हसले. "झाड तिकडं, फळ तिकडं, मोठा भाऊ तिकडं. पितर काय वाट चुकून इकडं येतील?" आणि टॉवेल खांद्यावर टाकून गेले. मी पुरण शिजवायचे आणि पातेलं पदराखाली झाकून भिंतीतल्या बुटक्या दारातून, दिंडीतून, तिकडं न्यायचे. कावळासुद्धा तिच्याच छपरावर यायचा.

एका वर्षी मी परभणीच्या बाजारातून आंबे आणवले. पिवळे धमक, एकसारखे, बघतच राहावं असे. त्या काळी आमच्याकडे सफरचंद म्हणजे आजाऱ्याला भेटायला जाताना न्यायचं फळ, आणि हे आंबेही तसेच रंगवल्यासारखे दिसत होते. घागर माझ्याच घरी मांडली, ह्यांना मोठ्या मिनतवाऱ्या करून पाटावर बसवलं. घागरीवरचा आंबा पितर म्हणून आलेल्या म्हाताऱ्यांच्या ताटात फोडला, तर आत पांढरा. पावडरीत पिकवलेला. म्हातारे भले, गपगुमान खाल्ला, पण तोंड असं झालं की ह्यांनी लोटा पुढे केला. तेवढ्यात दिंडीतून जाऊबाईंची मुलगी आली, हातात वाटी. "आईनं रस दिलाय." त्या रसावर माझ्या घरचे पितर जेवले. पुढच्या वर्षी मी गुमान पातेलं घेऊन तिकडं गेले.

माझं माहेर चुडाव्याचं. तिथं स्टेशनच्या मागं माझ्या भावाची बाग होती आणि त्याला कलमं बांधायचा नाद होता. एका पंचमीला मी त्याच्याजवळ रडले. त्याला वाटलं नवरा मारतो. खरं कारण सांगितल्यावर तो इतका हसला की मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं मला भेटकलम शिकवलं.

भेटकलम म्हणजे साधी गोष्ट आहे, पण तिला दोन्ही बाजू लागतात. कोय लावून उगवलेलं वर्षाचं रोप कुंडीत घ्यायचं. ज्या झाडाचा आंबा हवा त्याच्या फांदीला ती कुंडी नेऊन भिडवायची. दोन्हीकडची साल वितभर सोलायची, ओलं लाकूड ओल्या लाकडाला लावून सुतळीनं करकचून बांधायचं, वर शेणमातीचा लेप. पावसाळाभर कुंडीला पाणी घालत राहायचं. दोन-तीन महिन्यांत दोन्ही लाकडं एक झाली, की रोपाचा शेंडा वरून कापायचा आणि झाडाची फांदी खालून. मूळ आपलं, फळ त्या झाडाचं. भाऊ म्हणाला, "पण ताई, झाड त्यांचं हाय. विचारावं लागंल."

विचारायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. पण देवाला माझी दया आली असावी. शेंदऱ्याची एक फांदी भिंतीवरून माझ्या बाजूला वाकली होती. आमच्याकडे रिवाज असा, की फांदी कुणाच्याही अंगणात वाको, फळ झाडाच्या मालकाचं. फळाला मी कधी हात लावला नव्हता. पण फांदीला कुंडी भिडवू नये, असं कोणत्या रिवाजात आहे? शेजारच्या घरी पाहुण्यांनी कर्नाटकातून आणलेल्या कुठल्याशा आंब्याची कोय मी मागून आणली, रुजवली, आणि पुढच्या आषाढात दिवसाढवळ्या, सगळ्या गल्लीला दिसेल अशी ती कुंडी भिंतीवर ठेवून कलम बांधलं. ह्यांच्या ऑफिसातले एक साहेब म्हणत होते, कशाला हा उपद्व्याप, सरकारी रोपवाटिकेतून केशरचं कलम घ्या, तीन वर्षांत आंबे. केशर चांगला, कोण नाही म्हणतो? पण तो आकिती होऊन गेल्यावर येणार. मला हवा होता तो जुनाच, तोच, आणि तिच्या आधी नाही तर निदान तिच्याबरोबर.

भिंतीपलीकडून जाऊबाईंनी पाहिलं. मी पदर खोचून तयारच होते. त्या म्हणाल्या, "कलम बांधायलीस व्हय? बरं केलंस बाई. म्हातारं झाड हाय, एखाद्या दिशी वाऱ्यानं जायाचं." आणि शेण कमी पडलं म्हणून शेणाचा गोळा भिंतीवर ठेवून गेल्या.

त्याच श्रावणात भाऊ पंचमीला न्यायला आला. मी आठवडाभर माहेरी राहिले. नेमकी पावसानं उघडीप दिली, कडक ऊन पडलं. झोक्यावर बसले तरी मला ती कुंडी दिसायची. परत आले ती पिशवी दारातच टाकून आधी परसात. कुंडीची माती ओली होती. भिंतीवर तांब्या उपडा घातलेला. पलीकडून आवाज आला, "रोज तांब्याभर घातलं गं. लेकरूच हाय ते." दुसरी कुणी असती तर डोळ्यांत पाणी आलं असतं. माझ्या डोळ्यांत आलं ते रागाचं. माझ्या कलमाला तिचं पाणी लागलं म्हणून मी त्या दिवशी जेवले नाही. ह्यांना काय सांगणार? पित्त झालंय म्हटलं.

कलम जगलं. पुढच्या पावसाळ्यात दक्षिणेच्या भिंतीजवळ खड्डा करून शेणखत घालून लावलं. वाळवी लागू नये म्हणून खड्ड्यात राख टाकली, उन्हाळ्यात तुराट्यांचा आडोसा केला, बुंध्याशी बारीक भोक पाडलेलं मडकं पुरलं आणि भरत राहिले. पहिली दोन-तीन वर्षं मोहोर आला की खुडून टाकायचा असतो, नाहीतर रोप खंगतं. मी दर वर्षी खुडला. गल्लीतल्या बायका विचारायच्या, "काय लावलंय?" मी सांगायचे, "हाय एक." जाऊबाई भिंतीवरून बघायच्या आणि सांगायच्या, "शेंदऱ्याचं पोर हाय!" झालं. माझं झाड बोलायला लागायच्या आत त्याचं नाव-गाव-कूळ सगळ्यांना माहीत.

आणि मग ते वर्ष आलं. मोहोर मी खुडला नाही. बराचसा आभाळ आलं तेव्हा गळाला, काही कैऱ्या वाऱ्यानं पडल्या, शेवटी तीन राहिल्या. मी त्यांना जुन्या पातळाच्या चिंध्यांच्या पिशव्या बांधल्या. कलमी झाड लहान, भिंतीची ऊब, त्यामुळे त्या झपाट्यानं भरल्या. खांद्याला शेंदूर चढला. मी रोज पिशवी सोडून बघायचे आणि परत बांधायचे. चैत्र संपत आला तेव्हा तिन्ही आंबे पाडाला आले होते आणि भिंतीपलीकडे मोठ्या झाडावर अजून सगळे हिरवे.

कॅलेंडर वाटणीत जाऊबाईंच्या भिंतीवर राहिलं होतं. म्हणजे कुणी वाटलं नव्हतं, पण खिळा त्यांच्या बाजूला, म्हणून कॅलेंडर त्यांच्या बाजूला. सणवार बघायला मी तिकडंच जायचे. ह्या वर्षी गेले नाही. ह्या वर्षी मला कुणाला कळूच द्यायचं नव्हतं. अवस झाली तशी बोटांवर मोजलं, पाडवा, बीज, तीज. तीजेला आकिती. यंदा धोंडा, म्हणजे अधिक महिना, आहे हे मला माहीत होतं. पण मागचा धोंडा जेठात आला होता. नणंदेच्या यजमानांना आम्ही दोघींनी मिळून अनारशांचं वाण दिलं होतं ते चांगलं आठवत होतं, म्हणून हाही जेठातच असणार असं मी धरून चालले. आकिती यंदा जरा लवकर आलीय, एवढंच वाटलं. आणि मी खूश झाले. लवकर आली म्हणून तर शेंदऱ्या मागं पडला आणि माझं झाड पुढं आलं.

ह्यांना निरोप पाठवला, रजा टाकून या. कुंभाराकडं घागर आणायला गेले तर तो म्हणाला, "बाई, लय लवकर घ्यायलाव." मी म्हटलं, मागून गर्दी होते. खरबूज आणलं, पुरण घातलं. जाऊबाईंच्या घरात कसलीच हालचाल नव्हती. ना घागर, ना सूप, ना दारात बायका. थोरले दीर तर सकाळीच परभणीला धान्याच्या मोंढ्यात निघून गेले. मला वाटलं, झाडाला आंबा नाही म्हणून शरमेनं गेले. इतकं गोड मला आयुष्यात काही लागलं नव्हतं. मी दिंडीतून डोकावून म्हटलं, "जाऊबाई, दुपारी जेवायला या बरं का." कशासाठी ते सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, "येते की." गल्लीतल्या दोघी-तिघींनाही बोलावलं, बघायला कुणी नको का? आणि पितर म्हणून गुरवांना. मारुतीची पूजा करणारे ते म्हातारे, मामंजींच्या बरोबरीचे.

दुपारी घर कसं भरलं होतं. ह्यांना गंध लावून पाटावर बसवलं. घागर मांडली, वर खरबूज, त्यावर माझ्या झाडाचा आंबा. दुसरा आंबा गुरवांच्या ताटात, तिसऱ्याच्या फोडी करून वाटीत झाकून ठेवल्या. शेंदऱ्या कापायचा नसतो, पण सगळ्यांना पुरवायचा होता. बायका दाराशी टेकल्या होत्या, जाऊबाई आत उंबऱ्याजवळ. मी बघत होते त्यांच्या तोंडाकडं. त्या घागरीकडंच बघत होत्या. मला वाटलं, लागलं. लागू दे.

गुरव हातपाय धुऊन आले. पाटाजवळ येऊन थांबले.

"बाई, हे कशाचं मांडलंय?"

"आकितीची घागर, बाबा."

"आकिती?" म्हाताऱ्यांनी ह्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "आकिती म्हैन्यावर हाय बाई. परवापसून धोंडा लागलाय. ही धोंड्याची तीज."

दुष्काळात तेरावा महिना, असं म्हणतात. माझ्या सुकाळात शिरला. मला क्षणभर कळेचना काय झालं, आणि मग कुंभार आठवला, मोंढ्यात गेलेले दीर आठवले, तिकडचं रिकामं दार आठवलं. कानशिलं तापली. दाराशी एकीनं फस्सकन हसू सोडलं. दुसरी म्हणाली, "धोंड्यात जावई जेवतेत बाई, हितं तर पितरालाच धोंडा!" हे पाटावरून माझ्याकडं बघत म्हणाले, "तू म्हणलीस म्हणून मी रजा टाकली." त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं. ते जास्त झोंबलं. पिठाचे हात तसेच धरून मी उभी होते आणि धरणी काही दुभंगत नव्हती.

तेव्हा उंबऱ्याजवळून आवाज आला. इतका हळू, की सगळे गप्प झाल्यावरच ऐकू आला.

"मीच सांगितलं तिला."

गुरव वळले. जाऊबाई उठून आत आल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला. "आत्याबाईचं बोलणं व्हतं. नव्या झाडाचं पयलं फळ पाडाला आलं की त्याच म्हैन्याच्या तीजेला पितराला दाखवायचं. धोंडा का असंना. शेंदऱ्याच्या टायमाला बी तसंच केल्तं म्हणून सांगायच्या. मी म्हणले, धाकटे, तू बी तसंच कर. आकितीची घागर म्हैन्यानं आमच्याकडं हायेच. तुमाला सांगायचं राहिलं, ती चूक माझी."

आत्याबाई म्हणजे आमच्या सासूबाई. त्यांच्या हाताखाली मीही काही वर्षं काढली होती. असलं काही त्या कधी बोलल्या नव्हत्या. जन्मात नाही. पण जाऊबाईंनी ते असं सांगितलं, की घटकाभर मलाच आठवायला लागलं, आत्याबाई चुलीपुढं बसून हे सांगतायत म्हणून. पापणी हलली नाही त्या बाईची.

"मंग असंल," गुरव म्हणाले. "पोथीत नसलं तरी घराण्यात असतंय." आणि पाटावर बसले. ह्यांनी हात जोडले. दारातली हसणारी हसायची थांबली, उलट कौतुकानं म्हणाली, "थोरलीला सगळं ठावं असतंय बघा." घागर माझ्या घरी भरली, माझ्या आंब्यावर, माझा नवरा पाटावर. इतकी वर्षं मी जे मागत होते ते तसंच्या तसं माझ्यासमोर होत होतं, आणि सगळं घर कौतुकानं बघत होतं ते तिच्याकडं.

पुढं तर तो रिवाजच पडला. आजही आमच्या गल्लीत नव्या झाडाचं पहिलं फळ लागलं, की ते त्या महिन्याच्या तीजेला पितरांना दाखवतात. परवा एका सुनेनं मला ऐकवलं, "काकू, तुमच्या थोरल्या जाऊबाईंनी पाडलेला रिवाज ना हा?" मी म्हटलं, हो. दुसरं काय म्हणणार? खरं सांगायचं तर माझंच हसं, आणि खोटं कायम ठेवायचं तर तिचंच नाव.

त्या दुपारी सगळे जेवून गेले. घागर आणि तिच्यावरचा आंबा गुरव घेऊन गेले. हे आतल्या खोलीत आडवे झाले. मागं आम्ही दोघी जावा राहिलो, एकमेकींसमोर ताटं घेऊन. मी विचारलं, "खोटं कशाला बोललाव?"

"हसायल्या व्हत्या की बाया."

"हसू द्यायचं व्हतं. मला हसायल्या व्हत्या, तुमाला न्हाई."

"येकच घर हाय," त्या म्हणाल्या, आणि आमटीत पोळी मोडली.

एक घर! मी भिंत बघितली, दिंडी बघितली, आणि तोंड मिटलं. बोलले असते तर रडले असते, आणि ते तिच्यासमोर मला करायचं नव्हतं. वाटीत शेवटची फोड राहिली होती, सालीसकट, शेंदराच्या बाजूची. माझ्यासाठी ठेवलेली. मी अजून माझ्या झाडाचा आंबा चाखला नव्हता. आधी पितर, मग पाहुणे, मग बायका, असं करत ती एकच उरली. पण मोठी जाऊ पाहुणी म्हणून समोर बसलेली, आणि मान म्हणजे मान. मी ती त्यांच्या ताटात वाढली.

"तुला?"

"मी मघाशी खाल्ला," मी म्हटलं. तिच्याकडून अर्धी फोड परत घेण्यापेक्षा मी उपाशी मेले असते.

त्यांनी फोड तोंडाला लावली. सावकाश खाल्ली. साल दोन्ही बाजूंनी ओढून ताटाच्या कडेला ठेवली. मग म्हणाल्या, "धाकटे, खरं सांगू का? आमच्या शेंदऱ्यापरीस गोड हाय."

हे एक वाक्य ऐकायला मी कोय रुजवली होती, कलम बांधलं होतं, मोहोर खुडला होता. आणि ते आलं होतं त्याच तोंडातून, त्याच हळू आवाजात, ज्या आवाजात तिनं मघाशी मेलेल्या सासूच्या नावानं धादांत खोटं सांगून माझी अब्रू झाकली होती. मी तिच्या तोंडाकडं बघत राहिले. पापणी तशीच, हलत नव्हती. मग मी ताटाकडं बघितलं. तिथं साल होती, तीही तिनं स्वच्छ चोखलेली.